व्याहीबुवांस, सकाळच्या ड्यूटीवरून

आदरणीय व्याहीबुवा यांस,

दोन्ही हात साबणाच्या फेसात असल्यामुळे कोपरापासून नमस्कार. (आता पुसले. तरी कागदाला वास येईल. तो भांड्यांच्या साबणाचा आहे, गैरसमज नसावा.) आपली कंबर कशी आहे? विहीणबाईंचे गुडघे? थंडी वाढली की दोन्ही घरांतले सांधे एकदमच बोलायला लागतात, म्हणून विचारतोय. यापुढे पत्रात 'आम्ही सर्व मजेत' असं लिहायचा प्रघात आहे. तो मी गेला दीड महिना फोनवर पाळला. आज पाळत नाही. आम्ही मजेत नाही. आमचं घर एवढंसं, फोनवर कुठेही बोललं तरी पलंगापर्यंत ऐकू जातं. शिवाय जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या विहीणबाई (म्हणजे आमची ही) पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी घरी आल्या, इथपर्यंत आपल्याला ठाऊक आहेच. आपण संत्री घेऊन हॉस्पिटलात आला होतात. घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला, की आता हिचं करणार कोण? (त्या दिवशी घरात तो प्रश्न एकटाच उभा होता, बाकी आम्ही सगळे बसून होतो.) माझ्या मनात उत्तर तयार होतं. आपल्या कन्येनं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, रजा घ्यावी. रजा संपली की नोकरी सोडावी. आणि मी अधूनमधून दारात येऊन 'काही हवंय का?' असं विचारावं. मुलीला दोन शब्द सांगा, असं मी आपल्यालाही फोनवर सुचवलं होतं. आपण 'बघतो' म्हणालात आणि काहीही बघितलं नाहीत. ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सूनबाई बस डेपोत ड्यूट्या लावते हे मला लग्न ठरल्यापासून माहीत होतं. पण ड्यूट्या लावणं म्हणजे काय, ते माहीत नव्हतं. एकशे चाळीस ड्रायव्हर, त्यातले पंधरा रोज आजारी, चार जणांच्या मेहुणीचं लग्न, दोघं नुसतेच गायब, आणि तरी पहाटेची पहिली बस वेळेवर सुटते. असल्या बाईशी मी वाद घालणार होतो! तिनं वाद घातलाच नाही. संध्याकाळी फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. रात्री : मी. संध्याकाळी : हे. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा : बाबा. मी म्हटलं, "अगं, मी रिटायर्ड माणूस आहे." ती म्हणाली, "म्हणून तर, बाबा." मी दुसरा मुद्दा शोधत होतो, तोवर ती उद्याची भाजी चिरायला निघूनही गेली.

सलग बारा तास, जेवणाची सुट्टी नाही! आपल्याला कल्पना आहे, मी तेहतीस वर्षं दुकान निरीक्षक होतो. नोकरांना आठवड्याची सुट्टी देता का, तासांचं बंधन पाळता का, विक्रीला उभ्या राहणाऱ्या मुलींना मधे टेकायला काही ठेवलंय का, हे बघत मी शहरभर हिंडलो. भलेभले शेठ मला बघून घाम पुसायचे. तो तक्ता बघून मी मोठ्यानं म्हणालो, की नोकरीत असतो तर असल्या दुकानाला टाळं ठोकलं असतं. त्यावर पलंगावरून आवाज आला, "मग बेचाळीस वर्षं का नाही ठोकलंत?" मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. (वयाचा तेवढा एक फायदा.)

पहिल्या आठवड्याबद्दल थोडक्यात लिहितो. बेडपॅन नावाच्या वस्तूला पुढची आणि मागची अशा दोन बाजू असतात, हे ज्ञान मला एकोणसत्तराव्या वर्षी झालं. ते होण्याआधी चादर दोनदा बदलावी लागली. माणूस अंथरुणात असताना त्याच्याखालची चादर बदलणं ही एक कला आहे. मी त्यात हिला एकदा कुशीवरून भिंतीवर आपटलं. अंग पुसायला पाणी आणलं, ते चटका बसेल इतकं गरम. भात केला, त्याचं जे झालं त्याला आमच्याकडे अजून नाव ठरलेलं नाही. पण या सगळ्यात हसणारं कोणी नव्हतं, व्याहीबुवा. मी पांघरूण बाजूला केलं की ही तोंड भिंतीकडे वळवायची. हॉस्पिटलातल्या अनोळखी नर्ससमोर ती अवघडली नाही, माझ्यासमोर अवघडली. मी काही बोलायला गेलो की 'हं'. जेवलीस का? 'हं'. दुखतंय का? 'हं'. त्या एका 'हं'मध्ये एवढं काही भरलेलं असायचं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डबे पुसत बसायचो.

चिरंजीवांची ड्यूटी संध्याकाळची. ते रोज न चुकता फळं आणतात. परवा दोन किलो डाळिंबं आणली, पलंगाशी उभं राहून म्हणाले, "आई, फळं खात जा," आणि आंघोळीला गेले. डाळिंब सोलायला किती वेळ लागतो हे त्यांना ठाऊक नाही. मला आहे. त्यातून शेजारच्या मास्तरीणबाई बघायला आल्या. मी बादलीवर फडकं पिळत होतो. ते बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "किती करता हो बायकोचं! नशीब लागतं!" म्हणाल्या. मी नम्रपणे मान खाली घातली (वर फडकं जरा जास्तच पिळलं). त्या गेल्यावर ही छताकडे बघत म्हणाली, "तुमच्या आईचं मी चार वर्षं केलं. कोणी रडलं नव्हतं." त्या दिवशीचं तिचं तेवढंच बोलणं.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. इतका वेळ टाळत होतो, ते आपल्या लक्षात आलंच असेल.

हिचं हाड जुळलं, टाके निघाले. व्यायाम करून घ्यायला एक बाई एक दिवसाआड येतात. पलंगावरचे सगळे व्यायाम ही शाळकरी मुलीसारखे वेळेवर करायची. पलंगाच्या कडेला बसायची, आधाराला धरून शेजारच्या खुर्चीत सरकायची. पण वॉकर पुढे ठेवला आणि 'चला, उभ्या राहा' म्हटलं की नकार. रडणं नाही, घाबरणं नाही, सरळ नकार. गेल्या शनिवारी त्या बाईंनी मला आणि चिरंजीवांना जिन्यात गाठलं. म्हणाल्या, आता तब्येतीची अडचण नाही, मनाची आहे. पण अजून दोन-तीन आठवडे असेच गेले तर मांड्या इतक्या उतरतील, की पुढे यांनी ठरवलं तरी उठता येणार नाही. मग कायमचं अंथरूण.

जिना चढून वर आलो. चिरंजीवांनी तिथल्या तिथे, हिच्या पलंगाशीच, घराची बैठक भरवली. सूनबाई वाळलेले कपडे हातावर घेऊन दारात उभी होती. चिरंजीव म्हणाले, "कोणीतरी पूर्ण वेळ घरी राहून आईच्या मागे लागल्याशिवाय हे व्हायचं नाही." हा 'कोणीतरी' शब्द मोठा चमत्कारिक आहे बघा. तो उच्चारला की सगळ्यांच्या माना आपोआप एकाच बाजूला वळतात. तशा वळल्या. माझीही वळली. सूनबाई हातातल्या कपड्यांकडे बघत म्हणाली, "सोडते मी नोकरी. नाहीतरी बाथरूमची फरशी मीच ओली ठेवली होती."

आणि मग हिनं, दीड महिन्यात पहिल्यांदाच, माझ्याकडे सरळ बघितलं. म्हणाली, "तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

मी सांगितलं. आपल्यालाही सांगणं भाग आहे, कारण हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये मी आपल्यालाही तेच खोटं सांगितलं होतं. सूनबाईनं सकाळी बाथरूम धुतलं, फरशी पुसली नाही, त्यावरून ही घसरली, असं. आपण मान खाली घालून म्हणालात, "लहानपणापासून जरा धांदरटच आहे ती, माफ करा." आपण माझी माफी मागितलीत आणि मी ती घेतली. वर चहाचे पैसेही आपल्यालाच देऊ दिले.

ही बाथरूममध्ये पडलीच नाही. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाच्या मालकानं त्या दिवशी मला ओळख दिली नाही. त्याच्या बापाला मी कधीकाळी दंड केला होता, ती तारीख त्याला ऐकवावी असं माझ्या डोक्यात आलं. एवढंच. माझी जुनी डायरी माळ्यावर होती. हिला म्हटलं, काढून दे. ही स्टुलावर चढली. म्हणाली, "स्टूल धरा." मी धरलं. मग खुर्चीतल्या पेपरात काहीतरी दिसलं. वरून विचारलंन, "धरलंय ना?" मी म्हटलं, "हो हो." तेव्हा माझ्या हातात पेपर होता. काय वाचत होतो, ते आज आठवत नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या? हिला वेदनेनं बोलता येत नव्हतं आणि माझ्या तोंडून बाथरूम निघून गेलं. फरशीला काय, तोंड नसतं, असा काहीतरी हिशेब असावा. ती फरशी रोज कोण धुतं हे माझ्या डोक्यातही नव्हतं. (मला खरंच माहीत नव्हतं. यात सुटका नाही, हे मला कळतं.) नंतर सूनबाईच 'सकाळी मी धुतली होती' म्हणाली, तेव्हा माहीत झालं, पण उशीर झाला होता; आपल्याला कॅन्टीनमध्ये सांगितलं ते त्यानंतर. उशीर झाल्यावर बोलायला धाडस लागतं, ते मी सगळं दुकानदारांवर खर्च केलेलं.

मी बोलायचा थांबलो. सूनबाईनं हातातले कपडे एकेक करून खुर्चीवर ठेवले. घड्या न मोडता. मग स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवरचा तक्ता काढला. चिरंजीव "बाबा, तुम्ही..." एवढं म्हणाले. हिनं डोळे मिटून घेतले. मी सूनबाईची माफी मागितली. कशी, ते लिहीत नाही. वाईट मागितली, सराव नव्हता.

त्यानंतर चार दिवस सूनबाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं. आपटली नाहीत. डेपोत जाताना सासूला सांगून जायची, आल्यावर सासूपाशी बसायची, आणि मी खोलीत शिरलो की दोघींचं बोलणं थांबायचं. राजीनामा दिलाय की नाही, हे विचारायची माझी टाप नव्हती. फ्रिजवर तक्ता नव्हता, तरी मी सहाला उठत होतो. न उठून जाणार कुठे?

सोमवारी सकाळी हिच्या पायांत मोजे घालत होतो. खाली मान असली की माणसाला विचारणं सोपं जातं. म्हटलं, "माझ्यावरच्या रागानं उभी राहत नाहीस ना? राग माझ्यावर काढ, पायांवर कशाला काढतेस?"

"राग नाही," ती म्हणाली. मी दुसरा मोजा घातला. मग म्हणाली, "मी उभी राहिले की तुम्ही बसणार."

"नाही बसणार."

"बसाल. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे, सवय म्हणून. मी दाराशी दिसले की तुमचं कंबरडं आपोआप खुर्चीकडे जाईल. बेचाळीस वर्षांत मी पहिल्यांदा दीड महिना आडवी झालेय. ती पण हाड मोडून. हाड न मोडता पडून राहायची या घरात काही सोय असेल तर सांगा. आत्ता उठते."

तेहतीस वर्षं शेठ लोकांच्या प्रत्येक सबबीला माझ्याकडे कलम तयार असायचं. त्या सकाळी मी मोजा सरळ केला, पुन्हा सरळ केला, आणि बाहेर आलो.

बुधवारी भाताचं पाणी ओतून काढताना पातेलं हातातून निसटलं. उकळतं पाणी मनगटावर आलं, पातेलं फरशीवर घणघणत गेलं. मी तोंडातून आवाज काढला नाही (आधीच घरात माझं फार ऐकून झालं होतं) आणि हात नळाखाली धरला. नळ पूर्ण सोडलेला, त्यामुळे दुसरं काही ऐकू येईना. ही हाका मारत होती. तीन हाका, असं नंतर कळलं. पहिली साधी, दुसरी मोठी, तिसरी किंकाळीच. मी वळलो तेव्हा ही स्वयंपाकघराच्या दारात वॉकरला धरून उभी होती. गुडघे लटलटत होते, ओठांवर घाम, आणि डोळे असे, की मी मेलोच आहे असं धरून आली असावी. मी धावलो. ती म्हणाली, "आधी गॅस!" दुसऱ्या शेगडीवर दूध उतू चाललं होतं.

गॅस बंद केला. तिनं माझ्या मनगटाकडे बघितलं, "पाण्याखालीच धरा अजून" म्हणाली, आणि मग तिची नजर फळ्यांवरून फिरायला लागली. सांगायचं राहिलं, मी दीड महिन्यात ते स्वयंपाकघर माझ्या हाताला येईल असं सगळं बदललं होतं. तिची एक वस्तू जागेवर नव्हती. मी शिव्या खायला तयार झालो. तिनं विचारलं, "साखर कुठे ठेवलीत?" मी म्हटलं, "तिसरी फळी, डावीकडे, पिवळं झाकण." त्या पिवळ्या झाकणाकडे ती बराच वेळ बघत राहिली. आमच्या घरात हा प्रश्न आजवर मी विचारायचो, उत्तर ती द्यायची.

मग तिनं वॉकर वळवला. वळायला येण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पाठमोरी म्हणाली, "मला नाही बाई इथे काही सापडायचं. चहा तुम्हीच करा." आणि निघाली. मी दोन्ही हात पसरून, पण न शिवता, मागोमाग. नऊ पावलं. पलंगावर बसली तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

त्या संध्याकाळी सूनबाईनं सगळं सासूकडून ऐकलं. स्वयंपाकघरात आली, माझ्या मनगटावरचा फोड बघितला, कपाटातून मलमाची ट्यूब काढून ओट्यावर माझ्यापुढे ठेवली. "लावा." चार दिवसांतला पहिला शब्द. मी लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर तक्ता परत होता. माझी वेळ तीच. फक्त खाली एक नवी ओळ होती : 'आई : सुट्टी'. सोमवार ते रविवार, सातही रकान्यांत. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही.

असो. भांडी खळबळायची राहिलीत. विहीणबाईंना नमस्कार. थोरामोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहिणार होतो, पण त्याऐवजी आपल्या घरात या घटकेला जे कोणी ओट्याशी उभं असेल त्यालाच दोन्ही पोचवा.

आपला,
व्याही
(सकाळी सहा ते संध्याकाळी सहा)

ता. क. : हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. विहीणबाईंचा फोन आला होता, की महिनाभर मदतीला येते. कृपया त्यांना पाठवू नका. सूनबाईची डेपोच्या मुख्य कार्यालयात सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली आहे. पुरं केलं तर सगळ्या डेपोंच्या ड्यूट्या तिच्या हाताखाली येतील. तिनं घरात कोणाला सांगितलं नव्हतं, नकार लिहूनसुद्धा ठेवला होता. हे मला हिच्याकडून कळलं. मी तिला जा म्हटलंय. रात्रीची ड्यूटी चिरंजीव घेतील (बेडपॅनची पुढची बाजू त्यांना एकाच धड्यात कळली, कारण मास्तर चांगला होता). पण हिला आंघोळीला नेताना दोन माणसं लागतात. तर आपण या. आपण स्वतः. कंबर दुखते म्हणाल, तर कपड्यांच्या घड्या बसूनही होतात. आणि विहीणबाई तिकडे सहा आठवडे एकट्या काय करतील, हे कृपया विचारू नका.

ता. क. २ : आज व्यायामाच्या बाई आल्या होत्या. मी अभिमानानं नऊ पावलांची हकिकत सांगितली. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, दीड महिना पडून असलेलं माणूस पहिल्याच दिवशी नऊ पावलं जाऊन नऊ पावलं परत येत नाही, आजोबा. किमान पंधरा दिवसांचा सराव आहे हा. मी रोज दहा ते अकरा बाजारात असतो. हिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही हल्ली बाजारातून फार लवकर यायला लागलात." याहून जास्त काही सांगत नाही.

ता. क. ३ : पाकीट बंद करण्याआधी पत्र हिला वाचायला दिलं. बदल काही सुचवला नाही, अट मात्र घातली. जेवायच्या टेबलापर्यंत येईन, गॅलरीत येईन, जिना उतरून रस्त्यावरही येईन, पण ओट्याशी एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय यायची नाही. मी कबूल केलं. जुनी खोड म्हणून विचारलं, वर्ष कोणत्या तारखेपासून धरायचं? पडलीस त्या दिवसापासून, तक्ता लागला तेव्हापासून, की आजपासून?

म्हणाली, "तुम्ही तारीख विचारायचं सोडाल त्या दिवसापासून."